ओमनीत बिछाना टाकला, आता टायर कोणते अन् शॉकअप कोणते?

वणीच्या बाजूच्या एका खेड्यातून एका भावाचं पत्र आलं आहे. मोठं आहे म्हणून मी थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे २००९ ची ओमनी आहे, पेट्रोलवाली. मागच्या सीटा काढून त्यांनी प्लायवूडचा पलंग बसवला, खाली सामानाचे कप्पे केले, २० लिटरच्या पाण्याच्या दोन कॅना, छोटी शेगडी, अन् पंखा-लाईट चालावे म्हणून घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी मागच्या दाराला लागून ठेवली. आईला लोणार अन् शेगाव दाखवायचं आहे, नंतर घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं आहे. पण आता गाडी मागून बसली आहे, ५०-५५ च्या वर गेली की डोलते, ठिगळाच्या रस्त्यावर मागचा भाग टुणटुण उडत राहते. टायर चारही "चांगले दिसतात", पण कधीचे आहेत ते माहीत नाही अन् स्टेपनी नायलॉनची आहे. दुकानदार म्हणते १३ इंची रिम टाकून मोठे टायर लावा, मेकॅनिक म्हणते जाड शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) टाका अन् मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे (लोखंडी पट्ट्या) वाढवा, साळा म्हणते कारचे टायर स्वस्तात पडतात तेच घ्या. आता यातलं कोणाचं ऐकू, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, तिघांचंही ऐकू नका, निदान आताच नका ऐकू. मी स्वतः अकरा वर्षं ओमनीवर शाळेची पोरं ने-आण केली आहेत हिंगणघाटच्या बाजूला, त्यामुळे या गाडीबद्दल मला जे वाटते ते मनापासून सांगतो, अन् सुरुवात टायरपासून नाही करत, तुमच्या त्या बॅटरीपासून करतो.

१५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पाण्यासकट ५०-६० किलोची असते. म्हणजे एक बारकं माणूस तुम्ही मागच्या दाराला लटकवून ठेवलं आहे, अन् तेही मागच्या चाकाच्या मागे. वजन दोन चाकांच्या मधात असलं तर ते पुढेमागे वाटून जाते, पण मागच्या एक्सलच्या मागे ठेवलं की ते मागून तर दाबतेच, वरून पुढचं तोंड उचलते, आपण लहानपणी बंडीच्या मागच्या टोकावर बसलो की जू वर उचलायचं ना, तसंच. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागते अन् गाडी रस्ता सोडून इकडेतिकडे फिरते, अन् तुम्हाला वाटते शॉकअप गेले. पलंगासाठी १९ एमएमची पूर्ण ८ बाय ४ ची शीट वापरली असेल तर ती ३५ किलोच्या आसपास, पाणी ४० किलो, वरून लोखंडी अँगल, भांडी, गाद्या, आई, घरच्या, तुम्ही. ओमनी ७९६ सीसीची लहान गाडी आहे, तिने हे सगळं मुकाट्याने ओढलं म्हणून ते तिला झेपते असं नाही.

तर पहिलं काम हे करा, बॅटरी काढून पुढच्या सीटच्या मागे, फरशीवर, पट्ट्याने घट्ट आवळून ठेवा. खरं तर पंखा अन् दोन एलईडी लाईटसाठी एवढी मोठी बॅटरी लागतच नाही, लहान लिथियमची घेतली तर वजन एकदम उतरते. अन् एक गोष्ट मी तुम्हाला हात जोडून सांगतो, ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन गॅस सोडते, ती तुमच्या आईच्या उशाशी बंद गाडीत चार्ज होता कामा नये, त्यात शेगडीही तिथंच. शेगडी बाहेर काढून पेटवा, चार्जिंग दारं उघडी ठेवून करा, झोपताना काच थोडी खाली असू द्या.

मग गाडी वजनकाट्यावर न्या. तुमच्याकडे वणीला जिनिंगची कमी नाही, कापसाचा सीझन नसला की काटेवाला रिकामाच असते, त्याला समजावून सांगा. घरून निघताना जसं निघणार तसंच सगळं भरून जायचं, कॅना भरलेल्या, टाकी फुल, आईसकट सगळे बसलेले. आधी फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घ्या अन् आकडा लिहा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. हा मागचा आकडा तुमच्या टायरचा निर्णय करते, दुकानदार नाही करत. पूर्ण गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात जे जास्तीत जास्त वजन लिहिलं आहे त्याच्याशी लावून पाहा, वर गेला असेल तर टायरच्या दुकानात जायच्या आधी सामान उतरवा, कारण पाटे वाढवले तरी ब्रेक अन् बेअरिंग तेच जुने राहतात.

आता टायर. तुमच्या टायरच्या बाजूला वाचा, ओमनीला १४५ आर १२ एलटी लागते. एलटी म्हणजे लाईट ट्रकचं, त्याच्या पुढे ६ पीआर किंवा ८ पीआर असते. पीआर म्हणजे टायरचं अंग किती मजबूत त्याचं माप. तुमचा साळा जे कारचे म्हणते ते १४५/८० आर १२. आकाराला जवळपास तेच, रिमवर बसतेही, अन् इथंच माणूस फसते. आकाराच्या नंतर एक आकडा असतो तो पाहा, कारच्या टायरवर सहसा ७४ दिसेल, ७४ म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ३७५ किलो उचलते. ६ पीआरच्या एलटीवर ८०/७८ असते, यातला पहिला आकडा आपला, ८० म्हणजे ४५० किलो. ८ पीआरवर ८६/८४, म्हणजे ५३० किलो. (दुसरा आकडा एका बाजूला दोन-दोन चाकं असणाऱ्या गाड्यांसाठी असतो, तो सोडून द्या.) समजा तुमच्या मागच्या चाकांवर काट्याने ७२० किलो दाखवलं, तर एका टायरवर ३६० आले. कारचं टायर ३७५ चं, म्हणजे कागदावर बसलं, पण तुमच्या कप्प्यातलं सामान एका अंगाला जास्त असेल अन् रस्त्याच्या उताराने गाडी थोडी कलली तर एकाच टायरवर ३९० सहज येते, अन् ते मे महिन्यात, तापलेल्या डांबरावर. मी कारचं टायर अशा गाडीला घालणार नाही अन् तुम्हालाही घालू देणार नाही. गाडीला कंपनीकडून जे पीआर आलं होतं त्याच्या खाली जायचं नाही एवढं धरून चाला. ८ पीआर घेतलं तर रिकाम्या गाडीला थोडं कडक लागते, पण तुमची गाडी आता रिकामी राहणारच नाही. कंपनी एमआरएफ घ्या, सीएट घ्या, अपोलो, जेके, जे तुमच्याकडे मिळून राहिलं ते घ्या, फक्त हे आकडे जुळवा.

अन् तो उचलायचा आकडा पूर्ण हवेवरचा असते, हे दुकानात कोणी सांगत नाही. एलटी टायरला कारपेक्षा जास्त हवा लागते, साध्या कारच्या अंदाजाने ३० मारून दिली तर ४५० चं टायर ४५० उचलत नाही. टायरच्या बाजूला कमाल हवा लिहिलेली असते, गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी मागची हवा वेगळी दिलेली असते, ती धरा. पाहाटे गाडी थंड असताना मोजा. दुपारी वाटेत कारंजा गावाजवळ थांबून मोजली अन् जास्त दिसली म्हणून सोडून देऊ नका, ती तापून वाढलेली असते, सोडली तर थंड झाल्यावर कमी भरते. टायर फुटण्याचं मोठं कारण जास्त हवा नाही, कमी हवा आहे, कमी हवेत टायरचं अंग प्रत्येक फेऱ्यात दबते-उठते, त्यातून गरमी होते, अन् आपल्याकडे रस्ता आधीच भट्टी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असते, स्वतःचा एक चांगला गेज घ्या त्यापेक्षा.

१३ इंचीचं सांगतो. दुकानदार बहुतेक १५५/८० आर १३ म्हणत असेल. तुमचं आताचं चाक उंचीला ५४ सेंटिमीटरच्या आत आहे, ते ५८ च्या जवळ जाते. म्हणजे एका फेऱ्यात गाडी साडेसात टक्के जास्त चालते, मीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६४-६५ ला असाल, अन् प्रत्येक गिअर तेवढा जड होईल. परतवाड्याहून चिखलदरा चढताना दुसऱ्या गिअरमध्ये जी गाडी आता चढते ती पहिल्यावर येईल, क्लच जळल्याचा वास तुम्हाला वर पोचेपर्यंत येत राहील. पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासते का ते वेगळंच. दिसायला चांगली दिसते गाडी, हे मान्य आहे, पण तुमच्या कामाची नाही.

आता ते "चांगले दिसतात" वालं, हे मला सगळ्यात जास्त खटकलं पत्रात. टायरच्या अंगावर अंडाकृती घरात चार आकडे असतात, २३१६ असं काही. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. कधी कधी ते आतल्या बाजूला जाते, गाडीखाली वाकून टॉर्च मारून पाहावं लागते. तुमची गाडी कमी चालली असेल म्हणून नक्षी शाबूत असेल, पण रबर उन्हानं अन् वर्षांनी मरते, चालल्यानेच मरते असं नाही. माझं स्वतःचं सांगतो, एका मे महिन्यात हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना मागचं डावं टायर गेलं, दुपारचे दोन वाजले असतील. गाडीत पोरं नव्हती, सुट्ट्या होत्या, देवाची कृपा. ते टायर स्टेपनीचं होतं, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं, नक्षी नवीसारखी, अन् मी आदल्याच दिवशी खुशीत लावलं होतं. धाडकन आवाज आला, मागचा भाग डावीकडे बसला, मी ब्रेक न मारता फक्त पाय काढून घेतला अन् स्टेअरिंग धरून राहिलो, पन्नासेक पावलं पुढं जाऊन गाडी कच्च्यात थांबली. उतरून पाहिलं तर नक्षीचा पट्टा पूर्ण सोलून निघालेला, तारा बाहेर, अन् बाजूला नखाने दाबलं की बारीक बारीक भेगा उघडायच्या, आटलेल्या तळ्याच्या मातीसारख्या. त्या दिवशी मी ते चार आकडे पहिल्यांदा वाचले. तेव्हापासून मी सहा वर्षांच्या वरचं टायर कितीही चांगलं दिसो, लांबच्या प्रवासाला वापरत नाही. नवीन घेतानाही दुकानात आकडे वाचूनच घ्या, दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल नवा म्हणून देतात. नक्षी १.६ एमएमच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद, नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की समजून जा.

ती नायलॉनची स्टेपनी शेतातल्या बंडीला द्या. एकाच एक्सलवर एक रेडियल (आतून तारांचं) अन् एक नायलॉन टायर नाही चालत, दोघांची पकड अन् वाकणं वेगळं असते, पंक्चर झालं अन् ती लावून पुढं निघाले तर गाडी एका अंगाला ओढते. जमलं तर पाचही टायर एकदम घ्या. पैशाची अडचण असेल तर दोन नवे घ्या अन् ते मागे लावा, जुन्यातले आकड्याने ताजे असतील ते पुढे. लोक म्हणतात नवे पुढे पाहिजे, पण पावसात पुढची पकड सुटली तर माणसाला कळते अन् सावरता येते, मागची सुटली तर गाडी फिरून जाते. नक्षी साधी रोडवाली घ्या. जाड खड्ड्याखड्ड्याच्या नक्षीने आपल्या काळ्या मातीत काही होत नाही, ती माती दोन फेऱ्यात खाचा भरून टाकते अन् मग कोणतंही टायर गुळगुळीतच, वापसा आल्याशिवाय धुऱ्यावर गाडी घालायचीच नाही हाच उपाय. पऱ्हाटीच्या खुंट्यांपासूनही सांभाळा, तिरप्या कापलेल्या खुंटीने टायरचं अंग फाटते अन् अंगाचं पंक्चर निघत नाही. ट्यूबलेस घेत असाल तर जुन्या रिमची कड तारेच्या ब्रशने घासून गंज काढायला लावा, नाही तर दर आठवड्याला हवा उतरेल अन् तुम्ही टायरला दोष देत बसाल.

आता पाटे अन् शॉकअप. इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा भाऊ, ओमनीच्या मागे वजन उचलते ते पाटे, शॉकअप वजन उचलत नाही. शॉकअपच्या आत तेल असते, दांड्याला बारीक भोकाचा पिस्टन असते, गाडी उडाली की ते तेल भोकातून जोर लावून जाते अन् उडण्याचा जोर गरमी होऊन निघून जाते. म्हणजे त्याचं काम उडणं थांबवायचं आहे. गाडी उभ्या जागी मागून बसली आहे ना, मग तो शॉकअपचा गुन्हाच नाही, तुम्ही कितीही जाड टाका, उंची वाढणार नाही. टेप घ्या, सपाट फरशीवर गाडी उभी करा, मागच्या चाकाच्या मधापासून वरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा, बॅटरी हलवायच्या आधी अन् नंतर. बॅटरी हलवून उंची परत आली तर पाटे शाबूत आहेत, पैसे वाचले. एका बाजूने एक-दीड बोटाचा फरक राहिला, किंवा पाट्याची कमान जाऊन तो सरळ झाला असेल, उलटा वाकला असेल, तर ते बसले.

बसलेले पाटे तापवून परत कमान देणारे आहेत आपल्याकडे, पण नुसतं भट्टीत घालून ठोकलं अन् नीट पाणी दिलं नाही तर दोन महिन्यात परत बसतात, त्यापेक्षा नवा सेट घ्यावा, ओमनी २०१९ ला बंद झाली तरी तिचे पार्ट अजून तालुक्याच्या गावीही मिळतात. सेटसोबत शॅकलचे (पाट्याचं टोक जिथं लटकते त्या कडीचे) रबरी बुश अन् पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे टाका. नव्या सेटवर पूर्ण सामान भरूनही गाडी खाली राहिली तरच एक पाटा वाढवा, एकच, दोन नाही. दोन वाढवले तर रिकामी गाडी दगडासारखी होते अन् तो मार रस्त्यावरून सरळ बॉडीच्या वेल्डिंगला बसते, २००९ च्या पत्र्याला ते नाही सोसणार, अन् आईच्या कमरेलाही.

शॉकअप मात्र तुमचे गेलेच असतील असं मला वाटते, ते टुणटुण उडणं म्हणजे त्याचंच लक्षण. आपल्याकडचे रस्ते पाहा ना, खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर लाटेसारखं होऊन जाते, खड्डा नसला तरी गाडी झुलत राहते. खड्डा टायर अन् पाटा घेते, पण ही लाट शॉकअपलाच मारावी लागते, म्हणून विदर्भात ओमनी चालवायची तर शॉकअप चांगलेच लागतात. तपासायची माझी पद्धत सांगतो. चारही कोपऱ्यांवर दाबून सोडायचं ते तर करतातच, एकदा उठून थांबली तर ठीक, परत परत झुलली तर गेला. पण त्यापेक्षा पक्कं असं, शॉकअप फडक्याने पुसून कोरडे करा, खराब रस्त्यावर १५-२० किलोमीटर चालवा, लगेच उतरून हात लावा (सायलेन्सरपासून हात सांभाळा). काम करणारा कोमट ते गरम लागते, मेलेला थंड लागते. अन् ज्याच्यावर ओलसर तेल येऊन त्याला धूळ चिकटून काळी पुटं झाली तो सील गेलेला.

मागचे नेहमी जोडीने बदला, पुढचेही जोडीने. कंपनीच्या मापाचेच घ्या, गॅब्रिएलसारख्या नावाचे, अन् मिळाले तर गॅसवाले, कारण लांब खराब रस्त्यावर साध्या शॉकअपमधलं तेल फेसाळते अन् तासाभराने तो ढिला पडते, गॅसच्या दाबाने फेस कमी होते. "हेवी" म्हणून दुसऱ्या गाडीचा वेगळ्या मापाचा शॉकअप जुगाड करून लावू नका, लांब असला तर तो दबताना आपटतो, आखूड असला तर ताणून तुटतो. लावायच्या आधी मेकॅनिकला म्हणा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोड, आतली हवा निघते. अन् बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू द्यायचे नाहीत, गाडी चाकावर उतरवून मगच शेवटचं आवळायचं, नाही तर रबर पिळलेलंच राहते अन् लवकर फाटते. पाट्याच्या बुशलाही हेच. हे तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या, घाईत कोणी करत नाही.

पुढे ओमनीला स्ट्रट आहेत, स्प्रिंग त्याच्यावरच बसलेली, तिथं स्प्रिंग दाबायचा शिकंजा नसणाऱ्याकडे जाऊ नका, सुटली तर जीव घेते. स्ट्रट काढलेच तर वरचं माउंटिंग बदला, बॉल जॉइंट अन् रॉड एंड (पुढच्या चाकाचे अन् स्टेअरिंगचे सांधे) हलवून पाहा, अन् हे सगळं झाल्यावर शेवटी चाकांची अलाइनमेंट. आधी अलाइनमेंट करून मग पार्ट बदलले तर ते पैसे वाया.

लोणारला जाताना समृद्धी महामार्गावर चढू नका असं माझं मत आहे. तिथं बाकी गाड्या १२० ने चालून राहिल्या असतात, तुम्ही ६० ने, अन् सिमेंटवर सलग तासन् तास टायरला आराम नाही. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मेहकर असा जुना रस्ता घ्या, पाहाटे चारला निघा, दहाच्या आत जेवढं होईल तेवढं अंतर काटा, दुपारी लिंबाच्या सावलीत थांबा, तुमच्याकडे बिछाना आहेच. थांबले की चारही टायरला तळहात लावायची सवय करा, एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरून राहिला आहे.

सीटा काढून पक्कं बांधकाम केलं आहे तर ते आरटीओत विचारून आरसीवर चढवून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तसा बदल मंजुरीशिवाय चालत नाही, अन् अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिले तेच काढतात.

काम झाल्यावर ५० किलोमीटर चालवून चाकांचे नट अन् यू-बोल्ट परत एकदा आवळून घ्या, नवे पाटे बसताना ढिले होतात. काट्याचे तिन्ही आकडे अन् टायरवरचे ते चार आकडे मला लिहून पाठवा, दोन्ही बाजूंचं टेपचं मापही, मग पाटा वाढवायचा की नाही ते नक्की सांगतो. तोपर्यंत आईला लोणारचं सांगून ठेवा पण तारीख काढू नका.